शंभर रुपयांचा शेअर आणि शेंगदाण्याचं गाव

आमच्या पुणतांब्याकडे 'शेअर' म्हटलं की डोळ्यांसमोर साखर येते. हसू नका, खरंच सांगतेय. राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर या पट्ट्यात 'तुमचा शेअर कुठे आहे?' असं कुणी विचारलं, तर तो साखर कारखान्याबद्दल विचारत असतो. शेअर असला की माणूस सभासद. सभासद असला की दिवाळीला सवलतीची साखर, निवडणुकीला मत आणि वार्षिक सभेत उभं राहून भांडायचा हक्क. शेअर बाजार, डिमॅट, सेन्सेक्स वगैरे शब्द आमच्याकडे आले ते मोबाइलमधून, तेही अलीकडे.

आता नकाशात थोडं वर सरका. गोदावरी सोडा, तापीच्या खोऱ्यात या. जळगाव जिल्ह्यात बोरी नदीच्या काठी अमळनेर नावाचं गाव आहे. तालुक्याचं ठिकाण, नगरपालिका, रेल्वे स्टेशन, म्हणजे तुमच्या-माझ्या तालुक्यासारखंच. पण तिथे कुणी 'शेअर' म्हटलं, तर साखर नाही, तेल आठवतं. शेंगदाण्याचं तेल, त्याचं वनस्पती तूप, आणि त्या तुपाच्या कारखान्याचे कागद, जे काही घरांनी पन्नास-पन्नास वर्षं पेटीच्या तळाशी ठेवून दिले आणि एक दिवस त्यांचे कोटी झाले.

कारखान्याचं नाव होतं वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड. नाव लांबलचक आहे ना? त्यातल्या 'वेस्टर्न इंडिया प्रॉडक्ट्स'ची इंग्रजी अक्षरं जुळवा. विप्रो.

हो, तीच विप्रो. हिंजवडीतली. जिच्या कॅम्पस इंटरव्ह्यूसाठी तुमच्या वर्गातली अर्धी मुलं रात्र-रात्र अॅप्टिट्यूड सोडवत बसतात, तीच.

तेलाच्या गावाला जाऊ या

'तेलाचं गाव' म्हटलं की पुस्तकात वाचलेलं आसामचं दिग्बोई आठवतं. तिथे जमिनीतून तेल निघालं आणि १९०१ मध्ये रिफायनरी सुरू झाली. महाराष्ट्रातलं तेलाचं गाव वेगळं आहे. इथलं तेल विहिरीतून नाही, शेतातून आलं.

पुणतांब्याहून अमळनेरला जाणं तसं सोपं आहे, फक्त धीर लागतो. आमचं स्टेशन दौंड-मनमाड मार्गावर. मनमाडला गाडी बदलायची, जळगावला परत बदलायची आणि सुरतकडे जाणारी गाडी धरायची. पाळधी, धरणगाव आणि मग अमळनेर. जळगाव सोडलं की डब्यातली भाषा बदलते. 'आहे'च्या जागी 'शे' ऐकू यायला लागतं. अहिराणी पहिल्यांदा ऐकणाऱ्याला निम्मी कळते आणि निम्मी अंदाजानं भागवावी लागते. पण कुठलाही प्रश्न विचारा, उत्तर देणारा आधी तुम्हाला बसायला सांगतो.

एक गंमत सांगते. आमच्या गावात चांगदेव महाराजांची समाधी आहे. जळगाव जिल्ह्यात, मुक्ताईनगर तालुक्यातही चांगदेव नावाचं गाव आहे, तिथे त्यांचं जुनं देऊळ आहे. म्हणजे खानदेशाशी आमचं नातं तसं जुनंच. शेअरचं नातं मात्र कधी जुळलं नाही.

अमळनेरला माझ्या कॉलेजमधल्या मैत्रिणीचं घर आहे, तिथेच उतरले. पहिल्या जेवणाला वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी आणि वर शेंगदाण्याचं कच्चं तेल. तुम्ही पुण्या-मुंबईत 'फिल्टर्ड ग्राउंडनट ऑइल' म्हणून बाटलीचे जे पैसे मोजता, ते इथे वाटीत येतं आणि कुणी त्याचं कौतुकही करत नाही.

दाणा, डालडा आणि धुण्याचा साबण

आधी हे समजून घेऊ की कारखाना इथेच का आला. खानदेश म्हणजे कापूस आणि भुईमूग. कापसाची सरकी आणि भुईमुगाचा दाणा, दोन्हींतून तेल निघतं. शेंगदाण्याच्या वजनात तर जवळजवळ निम्मं तेलच असतं. शेतात कच्चा माल, दाराशी रेल्वे, एका टोकाला सुरत आणि दुसऱ्या टोकाला भुसावळ. अजून काय पाहिजे?

मोहम्मद हशम प्रेमजी हे मुंबईतले धान्याचे व्यापारी. २९ डिसेंबर १९४५ रोजी त्यांनी ही कंपनी स्थापन केली आणि कारखाना अमळनेरला उभा राहिला. म्हणजे देश स्वतंत्र व्हायला अजून दीड-दोन वर्षं होती.

कारखान्यात बनायचं ते वनस्पती तूप. आपल्या पिढीला 'डालडा' हा शब्द आई-आजीकडून ऐकून माहीत आहे. त्या काळात साजूक तूप सगळ्यांना परवडत नव्हतं. तेलाला तुपासारखं घट्ट करायची युक्ती तोवर भारतात आली होती. तेल तापवायचं, त्यात निकेलच्या मदतीनं हायड्रोजन वायू सोडायचा. तेलाचे रेणू हायड्रोजन घेतात आणि पातळ तेल गार झालं की पांढरं, रवाळ, घट्ट होतं. डब्यात भरलं की महिनोन् महिने टिकतं. लग्नातली बुंदी, हलवायाची जिलेबी, हॉटेलातला पराठा, सगळं यावर चालायचं. अमळनेरच्या कारखान्याचे ब्रँड होते किसान, सनफ्लॉवर आणि कॅमल.

एक मस्त गोष्ट मला वाचताना सापडली. हे तूप साजूक तुपात मिसळून विकणारे काही कमी नव्हते. म्हणून सरकारनं वनस्पतीत थोडं तिळाचं तेल घालणं सक्तीचं केलं होतं. का? तर तिळाच्या तेलाचा रासायनिक चाचणीत लालसर रंग येतो. तुपाच्या नमुन्यात तो रंग दिसला की भेसळ पकडली. म्हणजे चोराच्या खिशात आधीच घंटा बांधून ठेवायची. आहे की नाही डोकं?

आणि तेलाच्या कारखान्यात काही वाया जात नाही. दाणा पिळून उरते ती पेंड, ती गोठ्यात जाते. तेल शुद्ध करताना उरणारा चिकट गाळ असतो, त्यापासून साबण होतो. इथला धुण्याचा साबण '७८७' या नावानं विकला जायचा. आजच्या संतूरचा खापरपणजोबा म्हणा ना! संतूर आला ऐंशीच्या दशकात, आणि अमळनेर आजही विप्रोच्या साबणाच्या नकाशावर आहे.

आरोग्याचं काय, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेलच. बरोबर आहे. हायड्रोजन घालण्याच्या याच प्रक्रियेत ट्रान्स फॅट तयार होतात आणि ते हृदयाला वाईट. म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणानं तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा घातली. ज्या तुपानं एक गाव मोठं केलं, ते तूप आता कुणी कौतुकानं घरी आणत नाही. एखाद्या मालाचं आयुष्य संपतं, पण त्याच्याभोवती जमलेल्या माणसांचं चालूच राहतं. त्यांचं पुढे काय होतं, ते बघायला मी गेले होते.

एकविशीतला मालक

इथे गोष्टीत एक मुलगा येतो. वय २१. म्हणजे माझ्यापेक्षा एका वर्षानं लहान.

ऑगस्ट १९६६. मोहम्मद हशम प्रेमजी अचानक गेले. मुलगा अझीम अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात इंजिनीअरिंग शिकत होता. शिक्षण अर्धवट टाकून तो परत आला आणि तेल-तुपाच्या कंपनीचा प्रमुख झाला. सुरुवातीच्या एका वार्षिक सभेत एका भागधारकानं त्याला तोंडावर सुनावलं होतं की हे तुला झेपणार नाही, कंपनी विकून मोकळा हो. ही गोष्ट इतक्या वेळा छापून आलीय की आता ती जवळजवळ लोककथा झालीय.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. १९७७ मध्ये कंपनीच्या नावातलं 'व्हेजिटेबल' गेलं आणि 'विप्रो प्रॉडक्ट्स' आलं. त्याच सुमारास आयबीएम भारतातून बाहेर पडली आणि कॉम्प्युटरच्या बाजारात मोकळी जागा झाली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला विप्रो त्या जागेत शिरली. १९८२ मध्ये नाव नुसतं 'विप्रो लिमिटेड' झालं. ऑक्टोबर २००० मध्ये शेअर न्यू यॉर्कच्या बाजारात गेला. शेंगदाण्यापासून सॉफ्टवेअरपर्यंत.

या सगळ्यात अमळनेरच्या लोकांनी काय केलं? तर बहुतेकांनी काहीच केलं नाही. आणि हीच खरी गोष्ट आहे.

वहीतलं गणित

कंपनीचे शेअर १९४६ मध्ये लोकांना विकायला काढले, तेव्हा एका शेअरची किंमत १०० रुपये होती. ती रक्कम त्या काळी लहान नव्हती. कारखाना गावातलाच, मालक ओळखीचा, चिमणीचा धूर गच्चीवरून दिसतो, म्हणून गावातल्या काही व्यापाऱ्यांनी, नोकरदारांनी, थोड्या शेतकऱ्यांनी शेअर घेतले. काहींनी पुढच्या काळात घेतले. ते कागद पेटीत पडून राहिले.

आता वही घ्या. समजा, १९८० मध्ये एका घरात १०० रुपये दर्शनी किमतीचा एकच शेअर आहे. त्या घरानं पुढे एक रुपयाही घातला नाही.

कंपनीनं ऐंशीच्या दशकात चार वेळा एकास एक बोनस दिला, म्हणजे चार वेळा दुप्पट. एकाचे १६. त्याच दशकात १०० रुपयांच्या शेअरचे १० रुपयांचे दहा तुकडे झाले. १६ चे १६०.

नव्वदच्या दशकात दोनदा दुप्पट, एकदा तिप्पट, आणि १९९९ मध्ये १० रुपयांच्या शेअरचे २ रुपयांचे पाच तुकडे. १६० चे ९,६००.

२००४ मध्ये तिप्पट, २००५ मध्ये दुप्पट, २०१० मध्ये तिनास दोन. ९६,०००.

२०१७ मध्ये दुप्पट, २०१९ मध्ये तिनास एक, २०२४ मध्ये पुन्हा दुप्पट. किती झाले?

५,१२,०००.

एका शेअरचे पाच लाख बारा हजार. बाजारभाव रोज बदलतो, पण हिशेबापुरता २०० रुपये धरला तरी १० कोटी २४ लाख. दरवर्षीचा लाभांश वेगळा.

मी हे गणित मैत्रिणीच्या घरी, ओट्यावर बसून केलं. तीनदा तपासलं. मग दोघी गप्प बसलो. तुम्हीही करून बघा, दुसरं काही नाही तरी चक्रवाढ म्हणजे काय ते कळेल. शाळेत सरळव्याज-चक्रवाढव्याजाची दहा गणितं सोडवून जे डोक्यात शिरत नाही, ते या एका कागदानं शिरतं.

ज्यांनी विकले

पण थांबा. अमळनेर म्हणजे कोट्यधीशांचं गाव, असं तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. मी पण वाचलं होतं. स्टेशनबाहेर उतरल्यावर मात्र तसं काही दिसत नाही. रिक्षा आहेत, खड्डे आहेत, पाण्याच्या टाक्या आहेत, क्लासचे फलक आहेत. गाव गावासारखंच आहे. ज्यांच्याकडे पैसा आहे ते दाखवत नाहीत आणि ज्यांच्याकडे नाही ते जास्त आहेत.

मैत्रिणीची आजी ऐंशीच्या घरातली. त्यांच्याकडेही शेअर होते, थोडेसे. ऐंशीच्या दशकात विकले. मी जरा चाचरतच विचारलं, "आजी, वाईट वाटतं का हो आता?"

आजी लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अगं बाई, लेकीचं लग्न उभं राहिलं त्याच्यावर. कागद काय कपाळाला बांधून ठेवायचे होते?"

मी लिहून घेतलं. मग त्यांनी मलाच विचारलं, "तुझ्या बापाकडे होते का शेअर?"

म्हटलं, "साखरेचे."

"मग साखर तरी मिळाली," आजी म्हणाल्या आणि हसल्या.

तुम्ही यूट्यूबवर 'शंभर रुपयांचे कोटी कसे झाले' असे व्हिडिओ बघता, त्यात आजी नसतात. त्यात सगळे धीर धरून बसलेले असतात. पण धीर धरायला घरात दुसरं काहीतरी असावं लागतं. पगार असावा लागतो, दुकान असावं लागतं, बागायत असावी लागते. आजारपण आलं, लग्न आलं, पाऊस गेला की पेटी उघडावीच लागते. ज्याला विकायची गरज पडली नाही तो श्रीमंत झाला, आणि ज्याला गरज पडली नाही तो आधीच थोडा बरा होता. हे मला कुठल्याच व्हिडिओनं सांगितलं नव्हतं.

आणि तिसरी माणसं. ज्यांच्याकडे शेअर कधी नव्हतेच. भुईमूग पिकवणारे. बैलगाडीत शेंगा घालून अडतीवर आणणारे. व्यापारी शेंग फोडणार, दाणा तळहातावर चोळून बघणार, एक तोंडात टाकून चावणार आणि भाव सांगणार. पटला तर दे, नाही तर गाडी परत ने. परत कोण नेतो? भाव मिळाला, गाडी रिकामी झाली, संबंध संपला. त्या दाण्याचं पुढे तूप झालं, तुपाचा साबण झाला, साबणाच्या पैशातून कॉम्प्युटर आले. त्या साखळीत शेतकरी पहिल्या कडीलाच उतरला.

इथे मला आमचं गाव आठवणारच. १ जून २०१७. शेतकरी संपावर गेले, आणि त्या संपाची सुरुवात झाली पुणतांब्याच्या ग्रामसभेतून. मी तेव्हा शाळेत होते. दूध शहरात पाठवायचं नाही, भाजी पाठवायची नाही. राज्यभर रस्त्यावर दूध ओतलं गेलं. कर्जमाफी, हमीभाव, दुधाचा दर अशा मागण्या. त्या महिन्यातच सरकारनं ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली. पाच वर्षांनी, जून २०२२ मध्ये गावाला पुन्हा धरणं धरावं लागलं.

संपाच्या दिवसांत अप्पा, म्हणजे माझे वडील, एक वाक्य बोलले होते. "माल विकला की आपला संबंध संपतो, हेच तर दुखणं आहे." तेव्हा ते नुसतं ऐकलं होतं. अमळनेरला त्याचा अर्थ कळला. भाव हा एकदाच मिळतो. वाटा वर्षानुवर्षं मिळत राहतो. शेतकऱ्याला आपण भाव द्यायचा की नाही यावर भांडतो, वाट्याचं कुणी बोलतही नाही.

आमच्या जिल्ह्यात ते एकदा बोललं गेलं होतं. विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा केला, तो १९५० मध्ये सुरू झाला. ऊस घालणाराच कारखान्याचा मालक, ही त्यामागची कल्पना. म्हणजे बघा, पाच-सहा वर्षांच्या अंतरानं एका बाजूला अमळनेरचा तेलाचा कारखाना आणि दुसऱ्या बाजूला प्रवरेचा साखरेचा. एकीकडे शेअर कुणीही विकत घेऊ शकतो, बाजारात विकू शकतो, त्याची किंमत वाढते. दुसरीकडे शेअर उत्पादकाचाच, त्याची किंमत जवळपास तिथेच राहते, पण मत मिळतं, माल जायची हमी मिळते. कुठलं बरं? मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्ही उसाच्या पट्ट्यातले असाल तर तुमच्याकडे यावर दोन-चार शिव्या तयार असतील, त्याही धरून विचार करा.

त्याच गावातली दुसरी चिमणी

विप्रोची गोष्ट ऐकून कुणाला वाटेल, गावातल्या कारखान्याचे शेअर घेतले की झालं. तर त्याच अमळनेरमध्ये प्रताप मिल होती. मोतीलाल माणेकचंद ऊर्फ प्रताप शेठ यांची कापडगिरणी. तिच्या भोंग्यावर गावाचा दिवस चालायचा. ती बंद पडली. एकाच गावात, एकाच कापसाच्या-भुईमुगाच्या मातीत दोन कारखाने. एकाचे शेअर कोटींचे आणि दुसऱ्याचा भोंगाही नाही. पुढे कोण टिकणार हे १९४६ मध्ये गच्चीवरून धूर बघून कुणालाही सांगता आलं नसतं. तेव्हा हा लेख वाचून उद्या सकाळी आंधळेपणानं शेअर घेऊ नका, कळलं?

पण प्रताप शेठनी मागे ठेवलं ते कागदावर नाही, विटांमध्ये आहे. १९१६ मध्ये त्यांनी अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर सुरू केलं. तत्त्वज्ञानाचा अभ्यास करायला देशभरातून लोक एका तालुक्याच्या गावी यायचे, विचार करा! त्यांच्या नावाचं हायस्कूल आहे, कॉलेज आहे. त्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० पांडुरंग सदाशिव साने नावाचे एक शिक्षक होते. मुलांच्या वसतिगृहासाठी ते हातानं लिहून एक दैनिक काढायचे, 'छात्रालय दैनिक'. रोज! आम्हाला इंटर्नशिपमध्ये आठवड्याला एक स्टोरी द्यायची तर घाम फुटतो. हे शिक्षक म्हणजे साने गुरुजी, हे सांगायला नकोच.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरला दोनदा झालं, १९५२ मध्ये आणि मग ७२ वर्षांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७ वं. एवढ्याशा गावाला दोन संमेलनं. पैसा कुठल्या पेटीत गेला हे गावाला कळत नाही, पण शाळा कुठे आहे हे सगळ्यांना माहीत असतं.

आणि आता?

कारखाना मी बाहेरूनच बघितला. फाटक, भिंत, आत झाडं. कुठल्याही कारखान्यासारखा. पण त्याची एक गंमत फार कमी लोकांना माहीत आहे. २०१३ मध्ये विप्रोनं साबण, दिवे वगैरे धंदे वेगळे काढले आणि विप्रो एंटरप्रायझेस नावाची निराळी कंपनी केली. ती शेअर बाजारात नाही. म्हणजे आज तुम्ही मोबाइलवर विप्रोचा जो शेअर घेता, त्यात अमळनेरची तेल-साबणाची बाजू नाहीच. मूळ झाडाचं खोड एकीकडे आणि बाजारात विकली जाणारी फांदी दुसरीकडे.

दुसरी गोष्ट, मार्च २०१९ मध्ये अझीम प्रेमजींनी विप्रोतला आणखी ३४ टक्के हिस्सा, सुमारे ५२,७५० कोटी रुपयांचा, आपल्या फाउंडेशनच्या कामासाठी दिला. आधीचं धरून एकूण दान १ लाख ४५ हजार कोटींचं. त्यातलं बरंच काम सरकारी शाळांच्या शिक्षणासाठी आहे. शेंगदाण्याचं तेल फिरून फिरून शेवटी शाळेतच गेलं म्हणायचं.

आणि तिथली आपल्या वयाची मुलं? मैत्रिणीच्या गल्लीतली बहुतेक पुण्याला आहेत. कुणी इंजिनीअर, कुणी स्पर्धा परीक्षेत, कुणी डिलिव्हरी करतोय. एकजण हिंजवडीत विप्रोतच लागला. ज्या कंपनीचं बी त्याच्या गावात पेरलं गेलं, तिच्यात नोकरी करायला त्याला चारशे किलोमीटर यावं लागलं. त्याच्या आईला त्याचा अभिमान आहे. फक्त सणाला सुट्टी मिळत नाही, एवढीच तक्रार. शेअर नाहीत त्यांच्याकडे. पगार आहे.

भुईमुगाचं काय झालं, तेही विचारलं. आपला देश आज खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून जास्त तेल बाहेरून आणतो. पाम तेल इंडोनेशिया-मलेशियातून, सूर्यफुलाचं रशिया-युक्रेनमधून, सोयाबीनचं दक्षिण अमेरिकेतून. युद्ध तिकडे होतं आणि आपल्या घरच्या भज्यांचं तेल महागतं. ज्या खोऱ्यात दाराशी तेल पिकत होतं, तिथल्या किराणा दुकानातही परदेशी तेलाच्या पिशव्या लटकलेल्या दिसतात.

तुम्ही काय कराल?

मी घरी आल्यावर तीन कामं केली, तुम्हीही करा.

एक, आजी-आजोबांची पेटी उघडा. त्यांच्या देखत, त्यांना विचारून. जुने शेअर सर्टिफिकेट, कंपनीची पाकिटं, लाभांशाचे न वटवलेले चेक असतील तर बाजूला काढा. कागदावरचे शेअर १ एप्रिल २०१९ पासून डिमॅट केल्याशिवाय दुसऱ्याला हस्तांतरित करता येत नाहीत. सलग सात वर्षं लाभांश घेतला नसेल, तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीत जमा होतात. घाबरू नका, वारसाला ते परत मागता येतात. वारसाचे कागद, ओळखपत्र आणि पुष्कळ चिकाटी लागते. आणि यासाठी कुणी एजंट टक्केवारी मागायला लागला, तर आधी कंपनीच्या रजिस्ट्रारला सरळ पत्र टाका.

दोन, आपल्या गावातला बंद किंवा चालू कारखाना कुणाचा, कधीचा, तिथे कोण कामाला होतं, हे घरात विचारा. आमच्या पुणतांब्याजवळ चांगदेवनगर आहे, साखरेच्या जुन्या कारखान्याची वसाहत. लहानपणापासून त्या रस्त्यानं जातेय. या वेळी पहिल्यांदा अप्पांना विचारलं की तिथे ऊस घालणाऱ्यांपैकी मालक कोण होतं. अप्पा दोन तास बोलले. आई जेवायला बोलावून थकली.

तीन, अमळनेरला जाऊन या. तत्त्वज्ञान मंदिर बघा, प्रताप हायस्कूल बघा, बोरीकाठी सखाराम महाराजांची वाडी बघा, मंगळ ग्रह मंदिर आहे तिथे मंगळवारी गर्दी असते. उन्हाळा टाळा, खानदेशचं ऊन चेष्टा नाही. हिवाळ्यात गेलात तर भरिताचा सीझन असतो. भाकरीवर तेल मागून घ्या. आणि तेल कुठल्या शेतातलं आहे, तेवढं विचारा. उत्तर द्यायच्या आधी ते तुम्हाला बसायला सांगतील.